अर्धा तांब्या

खर्ज्या अर्धा तांब्या पाणी प्यायचा आणि उरलेलं अर्धं ट्रंपेटात ओतायचा. दुष्काळ पडलेला, अहमदपुरात माणसं टँकरची वाट बघत बसलेली. लग्नघरी आम्हा बँडवाल्यांना माणशी एकच तांब्या मिळायचा, आणि हा गडी त्यातलं अर्धं पितळेला पाजायचा. आम्ही हसायचो. तो ट्रंपेट झटकत म्हणायचा, "मला तहान लागती, तशी ह्याला बी लागती."

खरं सांगतो, मी त्याच्यावर जळायचो. वरचे सूर माझेही खणखणीत लागत. पण खाली आलो की माझं ट्रंपेट तोंडावर उशी दाबल्यासारखं घुमायचं. त्याचा खालचा सूर मात्र भरघोस, मोकळा. खर्ज्या हे नाव त्यावरूनच पडलेलं. दोघांची ट्रंपेटं आमच्या बँडमास्तरांनी एकाच दुकानातून आणलेली, दिसायलाही सारखीच. तरी त्याचंच काहीतरी खास आहे, असं माझ्या डोक्यानं घेतलं.

वाजवण्याआधी तो काही खायचा नाही. बुंदी समोर आली तरी "वाजवून झाल्यावर" म्हणायचा आणि चूळ भरून उभा राहायचा. माझ्या गालात सदा सुपारी. "ती थुक आधी," तो म्हणायचा. मला वाटायचं, लई शहाणा लागून गेला.

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा तिथल्या मिरवणुकीसाठी आमचा बँड ठरला. मास्तर म्हणाले, "पुढं एकच ट्रंपेट राहील. ज्याचा खालचा सूर मोकळा, त्याचं." निवडीच्या सकाळी खर्ज्या कोटाची बटणं लावत होता, तेवढ्यात मी ट्रंपेटं बदलली.

मी वाजवलं. खालचा सूर असा लागला की मास्तरांनी मान डोलावली. मग खर्ज्यानं फुंकलं, आणि माझा तो उशीखालचा आवाज त्याच्याकडून आला. त्यानं शांतपणे एक नळी ओढली, कळ दाबली, फट्ट झालं. "हवा गळत न्हाई," तो म्हणाला. "आत काही अडकलंय." मोठी नळी काढून त्यानं तोंडाकडच्या नळीत तार सारली. काळपट, चिकट गोळा बाहेर आला. सुपारी होती. बँडात सुपारी खाणारा मी एकटाच.

त्यानं गोळ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मूठ मिटली.

"काय निघालं रे?" मास्तरांनी विचारलं.

"कचरा हाय, मास्तर. माझीच हयगय झाली. पुढं ह्यालाच घ्या."

नंतर आपल्या तांब्यातलं अर्धं पाणी माझ्या ट्रंपेटातून काढून त्यानं ते ट्रंपेट मला परत दिलं. "आता वाजव," एवढंच म्हणाला. सूर त्याच्यासारखाच मोकळा लागला. माझी मला लाज वाटायला हवी होती. मला रागच आला. लातुरात मी पुढं चाललो आणि मागून त्याचा सूर ऐकत राहिलो.

पुढं तो नांदेडच्या एका बँडात गेला. एस.टी. सुटताना मला खरं काय ते बोलायचं होतं. "जपून जा" एवढंच बोललो. तिकडंच तो वारला, हे मला महिन्यानं कळलं.

आता नळाला पाणी आहे. तरी मी सुपारी थुंकतो, चूळ भरतो, अर्धा तांब्या ट्रंपेटात ओततो. सूर मोकळा लागतो, लोक वाहवा करतात. तेव्हाही मी त्याच्यावर जळतो. त्याचा सूर मला जमला. ती मिटलेली मूठ अजून जमलेली नाही.