ताईची बोटं

टाऊनशिपच्या क्लबात विजेची गिटार वाजवणारी पहिली मुलगी माझी ताई. बँडमध्ये बाकी सगळे मुलगे. आई मात्र बाहेर सांगायची, पोरगी शिवणक्लासला जाते. क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात ताई पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होती. आईला त्याआधी तिचं लग्न जमवायचं होतं.

भंडाऱ्याकडचे पाहुणे आले. मुलाच्या आत्यानं ताईचे हात उलटेपालटे करून पाहिले. डाव्या हाताची बोटं टोकाशी पिवळट, टणक. आत्यानं बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि एका बोटात टोचली. ताई चिवड्याच्या ताटलीकडे बघत होती. तिला कळलंच नाही.

"टोचलेलं समजून नाही राहिलं पोरीले," आत्या हळूच म्हणाली.

बधिर कातडीचा अर्थ आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होता. महारोग.

"गिटारीच्या तारांनी झालंय," ताई म्हणाली.

"शिवणाच्या मशीनले तारा कवापासून आल्या?" आत्या माझ्याकडे वळली. "तू सांग वं. इंग्रजी शाळेत जातेस. कायनं झालं हे?"

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "मले माहीत नाही."

चहा तसाच ठेवून ते उठले.

आठवड्यात बातमी टाऊनशिपबाहेरच्या मजुरांच्या कॅम्पपर्यंत गेली. ताई सगळ्यांना खरं सांगत राहिली, पण सख्ख्या बहिणीलाच माहीत नाही म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार? बँडमधल्या मुलांची बोटंही तशीच होती. त्यांना कुणी पिन टोचली नव्हती. क्लबच्या सेक्रेटरींनी निरोप पाठवला, लोकांची खात्री पटेपर्यंत स्टेजवर येऊ नका. दवाखान्यात जायला आई तयार नव्हती. महारोग्यांच्या रांगेत कुणी पाहिलं तर?

तिनं गरम पाण्याचं घमेलं आणि टाचा घासायची वजरी माझ्यासमोर ठेवली. "घास. कातडी गेली की टोचलेलं समजन."

मी रोज शाळेतून आल्यावर घासायची. ताई हात पुढे करून बसायची. एकदाच म्हणाली, "तुले तर माहीत होतं." मी घासत राहिले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आईनं शेजारणींना बोलावलं. पिन टोचताच ताई कळवळली. शेजारणींनी समाधानानं चहा घेतला. सेक्रेटरींचा होकार आला.

दुसऱ्या दिवशी ताई स्टेजवर उभी राहिली. पहिलं गाणं तिनं दात आवळून वाजवलं. दुसऱ्यात बोट तारेवर टेकेना. सूर खरखरला, तुटला, पुन्हा लागला नाही. मागची पोरं शिट्ट्या मारू लागली. तारांवर लाल ओघळ दिसत होता.

आमच्या मागच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "पाह्य वं, रगत आलं. दुखून राहिलं तिले. पोरगी चांगली आहे."

आईनं आनंदानं माझा हात दाबला.