नोलुंडीचा जड गिअर

नोलुंडीला पोर्ट एलिझाबेथमधली अख्खी क्वाझाखेले वस्ती धावणारी म्हणूनच ओळखत होती. गाड्यांच्या सीटा शिवायच्या कारखान्यात ती शिफ्टला असायची, आणि शिफ्ट कुठलीही असो, धावणं काही चुकायचं नाही. मुलगी अविवे पोटात असतानाच काय ते चार महिने ती घरात बसली असेल. पोर्ट एलिझाबेथच्या आसपास शर्यत असली की तिच्या क्लबातल्या बायका आधीच म्हणायच्या, "पहिला नंबर सोडा, दुसऱ्याचं काय ते बोला."

चाळिशी उलटली आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. डॉक्टर म्हणाले, "काही महिने धावायचं नाव काढू नका. पोहा, नाहीतर सायकल चालवा."

पोहायला ती नगरपालिकेच्या तलावावर शिकली, लहान मुलांच्या रांगेत उभी राहून. सायकल नवऱ्याने, वेलिलेने, कुणाकडून तरी जुनी आणून दिली. हाड जुळलं तोवर तिच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, अशी ती तिहेरी शर्यत. शेवटी धावायचंच आहे ना, मग आपल्याला कोण अडवतो, असं तिला वाटलं.

पहिल्याच शर्यतीत तिची जिरली. पाण्यातून ती मागूनच बाहेर आली, त्याचं तिला काही वाटलं नाही. सायकलवर बसली आणि सर्वांत जड गिअर टाकून रेटायला लागली. समुद्राकडेच्या रस्त्यावर समोरून नैऋत्येचा वारा. धावताना करायची तसं तिने केलं, पुढच्या सायकलवाल्याच्या पाठीशी आडोसा धरला. मोटरसायकलवरून पंच आला आणि तिला बाजूला घेतलं. या शर्यतीत कुणाच्या आडोशाने जायचं नसतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. बाकीचे भुर्रकन पुढे जात होते आणि ती रस्त्याच्या कडेला शिक्षा भोगत उभी होती. मग राग काढायचा म्हणून तिने आणखी जोरात रेटलं. सायकल ठेवून धावायला लागली तर मांड्या दगडाच्या. थोडं अंतर गेली आणि चालायला लागली. उभ्या आयुष्यात ती शर्यतीत कधी चालली नव्हती.

घरी येताना टॅक्सीत ती मागच्या सीटवर मांड्या चोळत बसली. वेलिलेची स्वतःची मिनीबस टॅक्सी होती. त्याने आरशातून दोन-तीनदा तिच्याकडे पाहिलं आणि शेवटी तिला माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारून म्हणाला, "मादलोमो, गाडी चढाला टॉप गिअरमध्ये ओढली तर काय होतं?"

"बंद पडते."

"मग?"

"तुम्ही गाडी चालवा, अविवेचे बाबा."

पण बोलणं लागलं. पुढच्या रविवारी वेलिलेच तिला गेल्व्हनडेलला रेगी फेलिक्सकडे घेऊन गेला. म्हातारा तरुणपणी सायकलच्या शर्यती मारायचा, आता गल्लीतल्या सायकली दुरुस्त करायचा. लहानथोर सगळे त्याला अंकल रेगी म्हणत. त्याने तिला रस्त्यावर एक फेरी मारायला लावली आणि परत आल्यावर सीट चांगली दोन बोटं वर घेतली.

"पोरी, तू सायकलवर बसून धावतेयस," तो म्हणाला. "प्रत्येक पायडलला जिना चढल्यासारखी जोर लावतेस. हलका गिअर घे. पाय भराभर फिरव."

"हलक्या गिअरने वेग कसा येणार?"

"आधी पाय तर फिरू देत. वेगाचं नंतर बघू."

ते काही जमेना. पाय भराभर फिरवायला गेली की ती सीटवर उड्या मारायची आणि दम लागायचा. शिवाय सायकली हिसकावून नेणारे होतेच, म्हणून रस्त्यावर एकटीने जायची सोय नव्हती. रविवारी पहाटे वेलिले टॅक्सी घेऊन तिच्या मागे मागे यायचा. स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला म्हणत, "आयुष्यभर सायकलवाल्यांवर हॉर्न मारलास, आता त्यांचाच हवालदार झालास."

आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी अंकल रेगीने आपले जुने रोलर दिले. जमिनीवर ठेवायची चौकट, तिच्यात तीन गोल दांडे, त्यांवर सायकल ठेवून जागच्या जागी चालवायची. पहिल्या दिवशी ती सोफ्यावर पडली, दुसऱ्या दिवशी टीव्हीवर पडता पडता वाचली. मग तिने सायकल दाराच्या चौकटीत मांडली, म्हणजे दोन्हीकडे धरायला आधार.

गुरुवारी चर्चच्या बायकांची प्रार्थना असे. त्या आठवड्यात पाळी नोलुंडीच्या घरची होती आणि ती ते साफ विसरली होती. लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका अंगणात आल्या, तर दारात ही सायकलवर, घामाने निथळतेय.

"अगं, जायचं कुठंच नाही, तरी एवढा घाम?" सगळ्यांत थोरल्या मांग्वेवू म्हणाल्या.

"पाय भराभर फिरवायची सवय करतेय, मावशी. लय सापडत नाही."

"लय सापडत नाही म्हणजे? इतकी वर्षं चर्चला काय झोपा काढायला येतेस?"

त्यांनी ताल धरायची कातडी उशी काखेतून काढली, तळहाताने थाप दिली आणि भजन सुरू केलं. बायकांनी अंगणातच सूर धरला. नोलुंडीने उतरायला पाय काढला तर मांग्वेवूंनी मानेनेच नको म्हटलं. थाप हळूहळू जलद होत गेली. तिचे पाय थापेबरोबर जायला लागले आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की ती सीटवर उडत नाहीये. भजन संपल्यावर मांग्वेवू म्हणाल्या, "आता ते यंत्र दारातून काढ. आम्हाला आत यायचंय, चहा प्यायचाय."

पुढे सगळा हिवाळा ती मनातल्या मनात ती थाप धरून चालवत होती. हलका गिअर साधल्यावर अंकल रेगीने तिला चढाला नेलं. चढ जोरात चढायचा, उतारावर पाय मोकळे करायचे, पुन्हा चढायचं. वाऱ्यात कोपरं मोडून खाली वाकायला शिकवलं. सायकलवर असतानाच खायचं, हेही त्यानेच सांगितलं. खिशात मीठ लावलेले उकडलेले बटाटे असत. सायकलवरून उतरून लगेच थोडं धावायचं, हा नेम झाला. सुरुवातीची पावलं लाकडी पडतात आणि मग सुटतात, हे तिला कळलं, तेव्हा त्याची भीती गेली.

दुसरी शर्यत त्याच रस्त्यावर झाली, वाराही तोच. पाण्यातून ती पुन्हा मागूनच आली. सायकलवर जाताना वारा तोंडावर होता. ती वाकली, गिअर हलका ठेवला, पुढच्यापासून अंतर राखलं. ईस्ट लंडनची एक शिक्षिका, लिंडेल्वा, तिच्या बाजूने जड गिअर रेटत पुढे गेली. नोलुंडीचा हात गिअरकडे गेला, तिथेच थोडा थांबला, आणि मागे आला. वळणावर वेलिले उभा होता. "मादलोमो, आता टाका टॉप," तो म्हणाला. परतीला वारा पाठीवर होता. तिने जड गिअर टाकला आणि पाय त्याच लयीत ठेवले. एकामागून एक माणसं मागे पडत गेली.

धावायला उतरली तेव्हा पाय लाकडी होते. ती घाबरली नाही, वाट पाहिली, आणि पाय सुटले. लिंडेल्वाची पाठ दिसायला लागली, जवळ येत गेली, पण रस्ता आधी संपला. चाळिशीवरच्या बायकांत नोलुंडी दुसरी आली.

लिंडेल्वा तिच्यासाठी थांबली होती. "तुझी पावलं ऐकू येत होती मला," ती म्हणाली. "आणखी थोडा रस्ता असता तर गेलेच होते मी."

अंकल रेगी कुंपणाला टेकून अमाग्विन्या, म्हणजे तेलात तळलेले पिठाचे गोळे, खात होता. नोलुंडी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली, काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून.

"सायकल ठीक झाली," तो बोटाचं तेल पुसत म्हणाला. "पण पाण्यात तू बुडत्या माणसासारखी हात मारतेस. त्यातलं मला काही कळत नाही. दुसरा कुणीतरी गाठ."

सोमवारी शिफ्ट संपल्यावर ती तलावावर गेली आणि लहान मुलांच्या मास्तरांना विचारलं, मोठ्या माणसांनाही नीट शिकवता का म्हणून.