फाटकाबाहेरची स्कूटर

खोटं कशाला सांगू, आशाताईची स्कूटर आमच्या फाटकापाशी उभी राहिली की मला घाम फुटायचा. तारकर्लीत पर्यटकांसाठी आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाक सगळा सुनेच्या हातचा. तिच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्यासाठी पुण्याची माणसं परत परत यायची. गणपती झाल्यावर नेमका तिलाच टीबी निघाला.

तसा घाबरण्यासारखा नव्हता. साधा टीबी आहे, सहा महिने रोज गोळ्या घ्या, बरा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरकारी दवाखान्याने नेमलेली आशाताई आमच्याच वाडीतली. रोज सकाळी यायची, समोर बसवून गोळ्या गिळायला लावायची, चहा घेऊन जायची. दिवाळीपर्यंत सुनेचा खोकला थांबला, गाल भरले.

तेव्हा सीझन सुरू झाला आणि मी आशाताईला फाटकातच अडवलं.

"बाय माझे, आता सीझन संपासर येव नको. लोका इचारतत, कोण आजारी आसा म्हणान. गोळ्यो माझ्याकडे दी, मी देतंय."

"काकी, चुकवक मात्र नाय हां."

"तू माका शिकव! चार पोरांक औषदां पाजलेली बाय मी."

नाताळात खोल्या भरल्या. गोळ्यांनी सुनेला मळमळायचं. घावणे घालता घालता ती मागल्या दारी ओकायला पळायची. पाहुणे अंगणात न्याहारीची वाट बघत बसलेले. मी म्हटलं, "आज रवांदे, उद्या घे गो."

"आई, ताई म्हणता चुकवक नाय."

"एका दिवसान काय जाता?"

एकाचे दोन झाले. मग शनिवार-रविवार सगळेच तसे गेले. आशाताई वाटेत भेटली की मी आपली हसून सांगायचे, "घेता हां, वेळेर घेता."

शिमग्याच्या सुमारास खोकला परत आला, या खेपेला रक्त घेऊन. सरकारी दवाखान्यात थुंकी मशीनला लावली. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून चष्मा काढला.

"आधीच्या गोळ्या आता हिला लागू पडत नाहीत. मध्ये चुकवल्या होत्या का?"

मी तोंड उघडणारच होते. होते का खरंच? आज विचार करते तेव्हा वाटतं, नव्हते.

"मीच चुकवल्या," सून नीट मराठीत म्हणाली. "कंटाळा केला."

बाई तिला खूप बोलल्या. शिकलेल्या ना तुम्ही, घरात लहान मुलगी आहे, काही वाटलं नाही? ती मान खाली घालून ऐकत होती. मी बाजूच्या बाकावर पिशवी पोटाशी धरून बसले होते.

रिक्षात मी विचारलं, "कशाक गो तसा सांगितलंस?"

"मगे काय सांगू? तुमका बोलली असती ती."

मी खोल्यांची पाटी उतरवली. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, देवाची कृपा, नात सुटली. अंगणात जेवून गेलेल्या कुणाला काही झालं का, ते मला कधीच कळणार नाही. नव्या गोळ्यांनी सुनेचा गोरा रंग काळवंडला, पाय बधिर झाले. एकदा चुलीतून पडलेल्या निखाऱ्यावर तिचा पाय पडला. तिला कळलंच नाही, जळल्याचा वास मला आला.

आता आशाताईची स्कूटर रोज उभी राहायची. मी फाटकातच, रस्त्याकडे तोंड करून सुनेची खुर्ची टाकायचे. बघू देत कोणाला बघायचं ते. एक गोळी चुकली नाही. पण फुप्फुसात फार काही उरलंच नव्हतं. आषाढात ती गेली.

बारावं झाल्यावर आशाताई उरलेली औषधं न्यायला आली, गोळ्यांच्या नोंदीचा कागद घेऊन. गोळ्यांचा डबा देताना मी तिचा हात धरला.

"लिही. पयल्या खेपेक तिना चुकवल्यान नाय. मी चुकवलंय."

तिने कागद उलटा केला, सुलटा केला. "काकी, हेच्यात तसो रकानो नाय."

"मगे तिच्या नावार तसाच रवतला? कंटाळो केल्यान म्हणान?"

तिने कागद घडी करून पिशवीत टाकला. डबा स्कूटरला अडकवला आणि गेली.

नात आता अक्षरं जुळवून वाचते. मी लिहिलेले हे कागद तिच्या हाताला लागतील असे तिच्या आईच्या साड्यांत ठेवणार आहे.