अम्मांच्या पदरावरचा चौकोन

दुकान बंद करून कुठं जायचं झालं की झेरॉक्सवाले चाचा दारावर एक काळापांढरा चौकोन चिकटवून जात. आपण कुठं गेलो, कधी येणार, सगळं त्यात घातलेलं असे. तो चौकोन वाचू शकेल असा मोबाईल तेव्हा भोरच्या आमच्या बाजारात एकच होता, आणि तो चाचांच्या खिशात असायचा. गिऱ्हाईक चौकोनाकडं बघत घटकाभर उभं राही आणि मग शेजारच्या माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन विचारी. मी सांगे, "जेवायला गेलेत."

आता सगळे ज्याला क्यूआर कोड म्हणतात, तोच हा. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला चाचांना तो इंटरनेटवर सापडला आणि झेरॉक्स-लॅमिनेशनच्या धंद्यातून त्यांचं लक्षच उडालं. लोक त्यांना चौकोनचाचा म्हणू लागले. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "त्यात घातलंय की." घरात हळदीच्या डब्यालाही चौकोन होता. चाची झाकण उघडून आत बघत, त्यांचं काही अडत नसे.

पासली गावाकडच्या एका धनगर बाईंच्या शेळ्यांच्या गळ्यात त्यांनी चौकोनाचे बिल्ले बांधून दिले. शेळ्यांनी आठवडाभरात एकमेकींचे बिल्ले खाऊन टाकले. बाईंची तक्रार नव्हती. उलट तापानं फणफणलेल्या नातवाच्या गळ्यात बांधायला त्या आणखी एक बिल्ला मागायला आल्या. एरवी चेष्टेखोर असलेले चाचा एकदम गंभीर झाले. "ह्यानं ताप उतरत न्हाई, बाई. ह्यानं फकस्त कोन कुनाचं ते कळतं." मग नातवाला आणि आजीला स्कूटरवर बसवून स्वतःच दवाखान्यात घेऊन गेले.

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे, पण चाचांच्या जिवाला एक खरा घोर होता. त्यांच्या आईला, अम्मांना, विसर पडू लागला होता. दार उघडं दिसलं की त्या किकवीला माहेरी निघत, आणि माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. चाचांच्या सांगण्यावरून मी त्यांच्या पदराला नाव-पत्त्याची पट्टी शिवली. अम्मा चौथी शिकलेल्या. त्यांनी ती वाचली, उसवली आणि माझ्या हातात ठेवली. "म्या काय एसटीत टाकायचं गाठोडं हाय व्हय?"

मग चाचांनी तोच पत्ता घातलेला चौकोन कापडावर छापून आणला. अम्मांना ती नक्षी वाटली, फार आवडलीही. दुसऱ्या टोकाला पण लाव म्हणाल्या. पदर चुरगळला की मोबाईल काही केल्या चौकोन वाचत नसे, म्हणून चाचा रोज सकाळी आईच्या पदराला इस्त्री करत. ते बघताना मला हसू यायचं आणि या माणसाबद्दल मायाही वाटायची.

एका दुपारी अम्मा निघून गेल्याच. आम्ही स्टँड पालथा घातला, नदीचा काठ पाहिला. चाचा म्हणत होते, "ताई, कोन वाचनार त्यो चौकोन? म्या येडा. कायतरी करून साधा नंबर लिवायचा हुता." मलाही तसंच वाटत होतं.

दिवस मावळायच्या आत नसरापूरचा एक रिक्षावाला, मिळणारं भाडं सोडून, आमच्या दारात येऊन थांबला. मागं अम्मा बसलेल्या, हातात बिस्किटाचा पुडा. चाचांनी त्यांना हाताला धरून उतरवलं, पुन्हा पुन्हा न्याहाळलं, आणि मग न राहवून रिक्षावाल्याला विचारलं, त्याच्याकडं कुठला मोबाईल आहे.

रिक्षावाला गोंधळला. "मोबाईल कशाला, चाचा? असलं कायबाय चिकटवीत फिरनारा मानूस हितं तुमी एकलेच. पदर बघितला आन् म्हनलं, म्हातारी तुमचीच."

चाचा हसायला लागले. हसता हसता पायरीवर बसले आणि अम्मांच्या पदरात तोंड खुपसून रडले. अम्मा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या आणि हे पोर कुणाचं म्हणून मला विचारत होत्या.

अम्मा त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. पुढं चाचाही गेले. आज बाजारात भाजीच्या पाटीपासून चहाच्या गाड्यापर्यंत जिकडंतिकडं चौकोन आहेत आणि ते वाचणारा मोबाईल माझ्याकडंसुद्धा आहे. चाचांना हे बघायला मिळायला हवं होतं. मी रोज कुठला ना कुठला चौकोन वाचते, पण नुसतं बघून हा अमक्याचा असं सांगता येईल, असा एकही मला अजून दिसलेला नाही.