नागरत्नाचा ‘आय्तु’

नागरत्ना बेळवडी आमच्या दूध संघात अकरा वर्षं सर्व्हर सांभाळते आहे, आणि अकरा वर्षं कंत्राटावर आहे. कायम करण्याची तिची फाइल पहिल्यांदा माझ्याच हातून वर गेली, कारण प्रशासन माझ्याकडे. ती तीनदा ‘सध्या शक्य नाही’ असा शेरा घेऊन परत आली. चौथ्यांदा या वर्षी गेली, आणि नेमका त्याच महिन्यात सर्व्हर अपग्रेड करायचा हुकूम निघाला.

आमच्याकडे तीन सर्व्हर आहेत आणि त्यांच्या पोटात एकोणीस व्हर्च्युअल मशीन चालतात. गावोगावच्या केंद्रांवर दुधाचं वजन आणि फॅट मोजलं की आकडे या मशीनमध्ये येतात. मशीनचा सगळा साठा मात्र सर्व्हरमध्ये नसतो, तो नेटवर्कवर जोडलेल्या एका वेगळ्या स्टोरेजमध्ये असतो. म्हणून चालू मशीन न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सरकवता येतं. एक सर्व्हर रिकामा करायचा, अपग्रेड करायचा, स्टोरेज पुन्हा जोडायचं, मग पुढचा घ्यायचा. हे मला नागरत्नानेच समजावलं. मी बी.कॉम. माणूस, मला समजलं म्हणजे कुणालाही समजावं.

उपव्यवस्थापक मलेबेन्नूर यांना समजलं नाही.

बैठकीत ती म्हणाली, “सर, मला दोन दिवस द्या. पहिले दोन सर्व्हर स्टोरेजला नावाने ओळखतात आणि तिसरा आकड्याच्या पत्त्याने. स्टोरेज एकच, पण त्यांना ती दोन वाटतात. त्यामुळे तिसऱ्यावर मशीन सरकत नाहीत. आधी ते सारखं करते.”

“मेडम, तुम्ही बारसं घालताय की अपग्रेड?” मलेबेन्नूर हसले. “सकाळचं दूध अकराला संपतं, संध्याकाळचं पाचला सुरू होतं. मधल्या वेळात तिन्ही उरका. कंपनीचा माणूस बेंगळुरूहून करेल, तुम्ही फक्त त्याच्या फोनवर राहा.”

मंगळवारी सर्व्हरच्या खोलीत नागरत्ना, मलेबेन्नूर आणि मी असे तिघं होतो. टेबलावर फोन स्पीकरवर ठेवलेला, पलीकडे कंपनीचा यशोधर. पहिल्या सर्व्हरची मशीन दुसऱ्यावर सरकवली. पहिला अपग्रेड होऊन सुरू झाला, पण त्याला स्टोरेज अजून जोडायचं होतं. एकटा दुसरा तेरा मशीन उचलून होता. सव्वा वाजला होता.

यशोधर म्हणाला, “अक्का, पहिल्याला स्टोरेज जोडून घ्या आणि दुसरा रिकामा करा.”

“आय्तु,” म्हणत नागरत्नाने खुर्ची पुढे ओढली.

आमच्या कन्नडमध्ये ‘आय्तु’ म्हणजे ‘झालं’. आणि ‘आय्तु’ म्हणजेच ‘बरं, करते’. कुठला, ते समोरच्याने बघून ओळखायचं. यशोधरला तिकडून नागरत्ना दिसत नव्हती आणि विचारायला वेळ नव्हता. मागे मलेबेन्नूर घड्याळ बघत “लवकर रे, लवकर” म्हणत होते. ‘मशीन अजून चालू आहेत’ ही पडद्यावरची सूचना त्याने बाजूला सारली आणि अपग्रेड लावून दुसरा सर्व्हर बंद करून सुरू केला. तेराही मशीन एका क्षणात गेली. त्यांना झेलायला पहिला तयार नव्हता आणि तिसरा लायक नव्हता, म्हणजे तिने सांगितलं होतं तेच.

“अय्यो देवा! अरे, कुणी सांगितलं तुला?” नागरत्ना ओरडली.

“तुम्हीच म्हणालात ना अक्का, आय्तु!”

तिने कीबोर्ड पुढे ओढला. स्टोरेज जोडलं, एकेक मशीन उठवलं, सकाळचे आकडे केंद्रांच्या चिठ्ठ्यांशी ताडले. चार वीसला सगळं उभं राहिलं. पाणीसुद्धा प्यायली नाही. मलेबेन्नूर मात्र मधे जेवून आले, तोंडात पान घेऊन.

बुधवारी नागरत्नाच्या नावाने मेमो निघाला. काम पूर्ण न करता पूर्ण झाल्याचं खोटं सांगितलं, म्हणून खुलासा द्या. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव टाइप केलेलं होतं.

मलेबेन्नूरांनी पेन पुढे केलं. “हेब्बळ्ळी सर, सही करा. मार्चमध्ये तुम्ही घरी जाणार, कशाला डोक्याला ताप?”

माझं डोकं खरंच तापलं. छत्तीस वर्षांत मी आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढवला. “एका श्वासात तेरा मशीन सरकतात का हो? तिने खुर्ची ओढली न ओढली तोच त्याने सर्व्हर बंद केला, मी शेजारी बसलो होतो. तिने दोन दिवस मागितले ते कुणी नाकारले, ते का नाही लिहिलं? या कागदाने तिची फाइल बुडते, हे ठाऊक आहे म्हणून काढलात ना?”

“आवाज खाली, सर.”

“नाही करत.”

सही केली नाही. माझं निवेदन मी वेगळं लिहिलं आणि बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत जोडून थेट एम.डी. हम्पण्णा गौडरांकडे दिलं. त्यांनी वाचून मलेबेन्नूरांना विचारलं, “घरी तुम्हाला कुणी जेवायला चला म्हटलं की तुम्ही आय्तु म्हणता, तेव्हा जेवण झालेलं असतं का?” मेमो रद्द झाला. मलेबेन्नूरांना कुणी मेमो दिला नाही. आणि नागरत्नाची फाइल? ‘प्रकरण नुकतेच घडले असल्याने पुढील वर्षी विचार व्हावा.’ निर्दोष ठरली म्हणून एक वर्ष शिक्षा! मी तो शेरा तिला वाचून दाखवला.

“सर, दोन सर्व्हर झालेत,” ती म्हणाली. “तिसऱ्याचा नाव-पत्ता सारखा करायचं काम माझ्या कंत्राटात कुठे लिहिलंय, दाखवा.”

मी कंत्राट काढून पाहिलं. कुठेच नव्हतं.

यशोधरने दोनदा फोनवरून प्रयत्न केला. तिसऱ्यावरची सहा मशीन हलायला तयार नाहीत, आणि ती बंद करायची जबाबदारी मलेबेन्नूर सहीनिशी घेत नाहीत. आता दर सोमवारी ते स्वतः तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. “मेडम, तिसरा कधी?”

ती मान वर करत नाही. “मला कायम केल्याची ऑर्डर आणा, सर. दोन दिवसांत करून देते.”