गस्तीची डाळ

आज दुबईत जुमेरा लेक टॉवर्सभोवती धुकं दाटलं आणि समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. नातीने विचारलं, "आजोबा, आर्मीतला तुमचा बेस्ट जॉब कुठला?"

"कंपनी कमांडर. सगळी पोरं माझी होती."

काश्मीरच्या चौकीवरही त्या सकाळी असंच धुकं होतं. गस्त परतेपर्यंत कमांडरने जेवायचं नाही, हा आमचा रिवाज. लंगरमधून डाळीच्या तडक्याचा वास येत होता आणि वायरलेस गप्प होता. गस्तीबरोबर गेलेला काळू कुत्रा एकटाच परत आला, माझ्या बुटांशी कुंई कुंई करत बसला.

"साहेब, तुम्हाला वाढू?" आचाऱ्याने विचारलं.

"सगळ्यांचं गरम ठेव."

ती डाळ कुणीच खाल्ली नाही.

"यल्ला आजोबा, पोहे गार होतायत!"

मी बशी बाजूला सरकवली. रात्रपाळी संपवून निघालेला मुलगा अजून घरी पोचला नव्हता.