लंकाबाईची बाराखडी

लंकाबाईचं लग्न बिभीषणाशी ठरलं तेव्हा पाथर्डीकडच्या त्या डोंगरकडेच्या वस्तीवर सगळे हसले होते. "लंका शेवटी बिभीषणालाच मिळायची!" असं म्हातारी माणसं म्हणायची आणि लंकाबाई पदराआड हसून घ्यायची. शाळेचं तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. आईबाप दरसाल ऊस तोडायला जायचे आणि धाकटी भावंडं हिच्या कडेवर असायची. लग्न झाल्यावरही काही बदललं नाही. दिवाळी झाली की ट्रॉलीत बिऱ्हाड टाकून श्रीगोंद्याकडच्या कारखान्यावर जायचं आणि उन्हाळा लागला की परत यायचं.

आरती जन्मली ती अशाच एका हंगामात, सातव्याच महिन्यात. जन्मली ती रडलीच नाही. डॉक्टरांनी पाठ चोळली, नळ्या लावल्या, तेव्हा कुठं मांजरीच्या पिल्लासारखा आवाज आला. एकवीस दिवस पोर काचेच्या पेटीत होती. जगली, याचाच लंकाबाईला केवढा आनंद. पण वर्ष झालं तरी आरती मान धरेना, दोन वर्षं झाली तरी बसेना. हातपाय मधेच काठीसारखे ताठ व्हायचे, घास गिळताना ठसका लागायचा. तोंडातून शब्द म्हणून फुटला नाही, नुसता "हंऽऽ" असा एक सूर. सेरेब्रल पाल्सी, डॉक्टरांनी सांगितलं. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली.

पाच वर्षांची असताना दिव्यांग दाखल्यासाठी तिला एका शिबिरात नेलं. तिथं ही गर्दी. टेबलापाशी बसलेल्या माणसानं आरतीसमोर भोकं पाडलेली एक फळी आणि रंगीत खुंट्या ठेवल्या. "लाल खुंटी उचल बाळा." आरतीनं जोर केला तसा तिचा हात उलट्याच बाजूला उडाला आणि खुंट्या जमिनीवर विखुरल्या. आणखी दोनतीन प्रश्न झाले, त्यानं काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली. लंकाबाईनं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला. त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय, हे तिनं विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

आरती सातची झाली त्या हंगामातली गोष्ट. उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत सकाळी निघायची घाई चालली होती. बिभीषणाला कोयत्याला धार लावायची होती आणि कानस सापडत नव्हती. त्यानं पिशव्या उलट्या केल्या, लंकाबाईनं पिठाचा डबासुद्धा हलवून बघितला. कोपऱ्यात गोधडीवर पडलेली आरती सारखी "हंऽऽ, हंऽऽ" करत होती.

"भूक लागली असंल तिला," बिभीषण म्हणाला.

"आत्ताच तर खाल्लंय." लंकाबाई वाकली. पोरगी तिच्याकडं बघतच नव्हती. ती वर बघत होती, छपराकडं. लंकाबाईनं तिकडं हात घातला, तर पाचटात खोचलेली कानस हाताला लागली.

"तुमीच ठिवली हुती काल, अन् हिनं बघितलं!"

"आगं, योगायोग आसतो येखादा."

पण लंकाबाईला ते काही पटेना. संध्याकाळी फडावरून आल्यावर तिनं एका हातात भाकरी धरली, दुसऱ्या हातात केळं. "आरते, काय खाती?" आरतीनं केळ्याकडं बघितलं. लंकाबाईनं हात बदलले. आरतीची नजर केळ्यामागं गेली. मग तिनं विचारलं, "तुजा बाप कुठाय?" नजर दाराकडं. "चांदी बकरी कुठं बांधली?" नजर उजव्या कुडाकडं, आणि कुडापलीकडं खरंच बकरी होती. लंकाबाई दाराशी धावली. "आवो, हिला समदं कळतंय. सात वर्सं ही बोलतीय अन् आपुन बहिरे!"

त्या उन्हाळ्यात वस्तीवर परतल्यावर नीलांबरीबाई आल्या. शाळेत न जाणाऱ्या दिव्यांग मुलांना घरी येऊन शिकवणाऱ्या त्या शिक्षिका. स्कूटीवरून यायच्या, मागं भलीमोठी पिशवी बांधलेली. त्यांनी दाखला मागितला, वाचला आणि पुन्हा वाचला.

"लंकाताई, यात काय लिहिलंय माहीत आहे का?"

"न्हाई ओ बाई."

"लिहिलंय की हिला फार मोठं मतिमंदत्व आहे. शिकण्याजोगी नाही."

लंकाबाईची कानशिलं तापली. "त्या बाबानं तिला हातानं खुंटी उचलायला सांगितली. ज्याचा हात ऐकत न्हाई त्याला हातानं काय इचारायचं? माजी पोर डोळ्यानं बोलती." आणि तिथल्या तिथं तिनं विचारून दाखवलं.

नीलांबरीबाईंनीही आरतीला दोन प्रश्न विचारून पाहिले. मग म्हणाल्या, "तुम्हाला खोटी आशा देत नाही. या आजारात मेंदूचा जो भाग हातापायांना, जिभेला हुकूम देतो तो दुखावलेला असतो. काही मुलांचा समजण्याचा भागही दुखावतो, काहींचा नाही, काहींचा थोडाच. आरतीचं काय आहे ते कुणी नीट तपासलेलंच नाही. पण एक सांगते, लहान वयात मेंदू जितका वापराल तितका तो वाटा शोधतो. तिच्याशी बोला, तिला विचारा, तिच्या उत्तराची वाट बघा."

पुढच्या खेपेला त्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकची एक पाटी आणली. चार कोपऱ्यांत अक्षरांचे चार गट चिकटवलेले. आरतीनं आधी एका कोपऱ्याकडं बघायचं, मग समोरच्यानं त्या गटातलं एकेक अक्षर म्हणायचं आणि हवं ते अक्षर आलं की आरतीनं डोळे वर करायचे. काना-मात्रा तूर्त सोडून द्यायच्या.

"पण बाई, मला कुठं अक्षर येतंय?" लंकाबाई म्हणाली.

"मग दोघी शिका."

दिवाळी आली. टोळीत कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या गड्याला कुणी घेत नाही. बिभीषणानं बिऱ्हाड बांधायला घेतलं तेव्हा लंकाबाई म्हणाली, "मी येत न्हाई आवंदा."

"डोकं फिरलंय का तुजं?"

"व्हय, फिरलंय. सा म्हैने तिकडं गेलं की पोरगी शिकलेलं इसरल. तुमी चुलतभावासंगं जोडी लावा. मी हितं कापूस येचीन, निंदीन, पर हलनार न्हाई."

बिभीषण दोन दिवस बांधलेलं बिऱ्हाड सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. तिसऱ्या दिवशी तो चुलतभावाकडं गेला. जाण्याआधी मात्र त्यानं कोळशानं घराच्या आतल्या भिंतीवर अख्खी बाराखडी लिहून ठेवली. तो सातवीपर्यंत शिकला होता. "'ध' अन् 'घ' मदी घोटाळा करू नको," एवढंच बोलला.

घोटाळा व्हायचाच. भाकरी थापताना लंकाबाई भिंतीकडं बघून अक्षरं घोकायची आणि भाकरी करपायची. तिनं चुकीचं अक्षर म्हटलं की आरती "हंऽऽ" करून अंग ताठ करायची. पोरगी आईच्या पुढं निघाली होती. लंकाबाईला राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. पाटी दुखऱ्या हातांनी धरून ती रोज सकाळी तासभर बसायची. आरती दमायची, नजर घसरायची, एका अक्षराला कधी कधी पाच मिनिटं लागायची. शेजारणी म्हणायच्या, "दगडावर पानी वतायलीय." लंकाबाई पाटी पुसून पुन्हा धरायची.

आणि मग माघातल्या एका सकाळी, रोजच्यासारखा बिस्किट कुस्करलेला चहा तिनं आरतीच्या तोंडाशी नेला, तर आरतीनं तोंड मिटून घेतलं आणि पाटीकडं बघितलं. लंकाबाईनं पाटी उचलली. च. ह. न. क.

"चहनक? ह्ये काय आनिक?" तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. "चहनक... चह... नक..." आणि हातातल्या कपाकडं तिचं लक्ष गेलं.

"चहा नको!"

आरतीचे डोळे वर गेले आणि ती अशी हसली की ठसका लागला. इतकी वर्षं ती पोर रोज सकाळी तो चहा गिळत आली होती. लंकाबाई आधी पोट धरून हसली, मग चुलीपाशी बसून रडली, मग उठून तिनं दूध तापवलं.

आता लंकाबाईला गप्प बसवेना. शाळेत गेली. गोरक्षनाथ सर भले माणूस, पण दाखला बघून अवघडले. "ताई, कागदावर असं असताना मी हिला वर्गात काय शिकवू?"

"कागद बदलला तर?"

"तर माझं काही म्हणणं नाही."

नीलांबरीबाईंनी नगरमधल्या एका मानसतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. हातानं काही करावं लागणार नाही, चार चित्रांतल्या एकाकडं बघून उत्तर द्यायचं, अशी चाचणी त्या घेत. एकच अट होती: आईनं मागं बसायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. एस.टी.च्या प्रवासानं आंबलेली आरती नव्या खोलीत घाबरली. अंग कमानीसारखं ताणलं गेलं, डोळे छताला लागले. पहिल्या दहा प्रश्नांत तिला एकही नीट जमला नाही. लंकाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. शेवटी ती उठलीच.

"बाई, मी उत्तर सांगत न्हाई. पर आज तिचं अंग तिच्या ताब्यात न्हाई. आमी उद्या येतो, परवा येतो. घाईत कागद तेवडा लिहू नका. येकदा लिहिला त्यात तिची तीन वर्सं गेली."

त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरोबर आहे तुमचं. उद्या या."

मायलेकी नीलांबरीबाईंच्या नगरमधल्या माहेरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी आरतीला नीट आधार देऊन बसवलं आणि नजर टिकू लागली. दोन दिवस, थांबत थांबत, चाचणी चालली. मग मानसतज्ज्ञ बाईंनी लंकाबाईला समोर बसवून सगळं सांगितलं. शब्द समजणं, गोष्ट समजणं, लक्षात ठेवणं यांत आरती तिच्या वयाच्या मुलांच्या बरोबरीला आहे. आकडे आणि आकार यांत बरीच मागं आहे, ते तिला जड जाणार. उत्तराला वेळ लागतो, तो द्यावाच लागेल.

"म्हंजे हिसाबात कच्ची," लंकाबाई म्हणाली. "असूंद्या. हिसाबात कच्ची मान्सं बी जगत्यात. शिकण्याजोगी हाय का न्हाई, तेवडं लिवा."

"आहे. तसंच लिहिते."

नवा दाखला घेऊन आरती दुसरीच्या वर्गात बसली. वस्तीवरच्या सुताराकडून बिभीषणानं मानेला आणि कुशीला आधार असलेली खुर्ची करून घेतली होती. पहिली दोन वर्षं शेजारी लंकाबाई पाटी घेऊन असायची. गोरक्षनाथ सर आधी आईला विचारायचे, "काय म्हणते ती?" हळूहळू ते स्वतःच पाटी धरू लागले, मग पुढच्या बाकावरच्या सविताला ती कला साधली; तरी लंकाबाई वर्गाच्या कोपऱ्यात बसून असायचीच. गणितात आरती अजूनही अडते. पण गोष्टीवरचे प्रश्न विचारले की सगळ्या वर्गाचं उत्तर लिहून झाल्यावर सर तिच्यापाशी थांबतात, कारण तिचं उत्तर कुणाच्या वहीत नसतं.

यंदा आरती अकरा वर्षांची झाली, पाचवीत आहे. जुलैत एक दिवस वर्ग सुरू झाल्यावर तिनं आईकडं आणि मग पाटीकडं बघितलं. लंकाबाईनं पाटी धरली. आता काना-मात्राही येतात.

तू घरी जा.

"काय झालं? काय चुकलं का माजं?"

नाही. सगळ्यांच्या आया घरी असतात.

सविता फसकन हसली. सर खिडकीबाहेर बघू लागले. लंकाबाईनं पाटी सविताच्या हातात दिली, आरतीच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि शाळेच्या पायऱ्या उतरली. फाटकापाशी पाच मिनिटं उभी राहिली. मग पदर खोचून, बाजरी खुरपायला बांधाबांधानं भराभरा चालू लागली.